सोनवळच्या पायघड्या

सोमवार, दिनांक ३ ऑक्टोबर १९३८. दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि सोनवळ संस्थानच्या दसऱ्याच्या माळावर मी चारपैकी शेवटचा कर्णा खांबावर चढवून घेत होतो. लाउडस्पीकर ही वस्तू सोनवळात त्या दिवशी प्रथमच वाजणार होती. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या तांत्रिक विद्यालयातून पदविका घेऊन मी या संस्थानात आलो होतो. सरकारांनी, म्हणजे श्रीमंत हैबतराव राजांनी, नदी अडवून तलाव केला होता, तलावात जलमहाल बांधला होता, आणि त्या महालात विजेचे दिवे लावण्यासाठी मला नेमले होते. दसऱ्याला भाषणाची व्यवस्था करण्याचे काम दिवाणसाहेबांनी ऐन वेळी माझ्याकडे दिले.

शिडी धरून खाली लिंबा भोई उभा होता. चाळीस वर्षे पालखी वाहून त्याचा उजवा खांदा खाली बसला होता. आता त्याच्याकडे एकच काम उरले होते, पालखी टेकवायची लाकडी घडवंची माळावर आणून ठेवण्याचे.

"सायेब," तो म्हणाला, "ह्या भोंग्यातनं सरकारचं खोकणंबी ऐकू यील का?"

"येईल."

"आन् आमचं?"

"माईकपाशी उभे राहिलात तर तुमचेही येईल."

"मग आमी लांबच बरं. आमचं बोलणं घरात बायकू ऐकती, तेवढ्यानंच रोज भांडण हुतंय."

मी खाली उतरलो. माळावर लोक जमू लागले होते. दरवर्षीप्रमाणे नव्या पागोट्यांत, नव्या लुगड्यांत नव्हे. रोजच्या, मळक्या कपड्यांत. प्रजापरिषदेने तसे ठरवले होते. माळावर सगळ्यांनी यायचे, पण मुजरा घालायचा नाही, जयजयकार करायचा नाही, आणि पायघड्यांना कापड द्यायचे नाही.

पायघड्यांची रीत मी मागच्या वर्षी पाहिली होती. पालखी घडवंचीवर टेकते, तिथून आपट्याच्या झाडापर्यंत शंभरएक पावलांची वाट असते. त्या वाटेवर सरकार अनवाणी चालतात, पण जमिनीवर नव्हे. दसऱ्याच्या सकाळी गावचे परीट गल्लोगल्ली टोपली घेऊन फिरतात आणि प्रत्येक घर एक धुतलेले कापड देते. कुणी धोतर, कुणी चोळखण, कुणी मुलाचे अंगडे. ती कापडे परिटानेच अंथरायची, इतर कुणाचा हात लागायचा नाही. सरकार चालून गेले की बाया आपापले कापड उचलून पेटीत जपून ठेवतात, आणि घरात मूल जन्मले की पहिल्यांदा त्यातच गुंडाळतात. मला ती लाचारीची परमावधी वाटली होती. लोकांच्या कपड्यांवर पाय देऊन चालणारा राजा आणि त्याचे कौतुक करणारे लोक. तसे मी घरी पत्रातही लिहिले होते.

पावणेचारला रखमाजी परीट आला. बरोबर त्याची बायको कोंडाबाई होती. तिच्या काखेत एक लहानसे गाठोडे होते. टोपली रिकामी होती.

रखमाजीला सगळे सोनवळ ओळखत होते. राजवाड्याचे, कचेरीचे, घोडेस्वारांचे, दवाखान्याचे आणि तुरुंगाचे धुणे त्याच्याच भट्टीत जाई. त्याचा मुलगा सिदराम चार महिने तुरुंगात होता. नदी अडवल्यावर खालच्या घाटावर पाणी गुडघ्याएवढेही राहिले नाही, आणि वरच्या तलावाच्या काठी धुवायला जावे तर संस्थानने घाटपट्टी बसवली. माणशी वेगळी, गाढवामागे वेगळी. ती भरायची नाही असे परिटांना पहिल्यांदा सिदरामने सांगितले. मग कोष्टी उठले, मग महालासाठी वेठीने दगड वाहणारे धनगर उठले, मग शाळामास्तर आणि दुकानदारही त्यांच्यामागे उभे राहिले. वेठ बंद करा, पट्टी उठवा, इथपासून सुरुवात झाली आणि उन्हाळा संपेपर्यंत मागणी 'राज्यकारभार लोकांच्या हाती द्या' इथपर्यंत पोहोचली. तेव्हा धरपकड झाली.

"कापड मिळाले का?" मी रखमाजीला विचारले.

"कुणी दिलं न्हाई," तो म्हणाला. "म्याबी मागितलं न्हाई. दारातनं नुसता फिरलो. पाणी दिलं, गूळ दिला, एका म्हातारीनं डोक्यावर हात ठिवला." तो माईककडे पाहू लागला. "ह्येच का त्ये यंत्र?"

"हो."

"हितं बोललेलं कुठवर जातं?"

"वारा नसेल तर पार वेशीपर्यंत."

"हळू बोललं तर?"

"हळू बोलले तरी. म्हणून तर ते बसवले आहे."

त्याने मान हलवली. पालखी कुठे टेकणार, सरकार कोणत्या बाजूने उतरणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी त्याने घडवंचीपासून माईकपर्यंतचे अंतर नजरेने जोखले. कोंडाबाई खाली बसली होती. तिने गाठोडे मांडीवर घेतले होते आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते. मी तिला पाणी देऊ केले. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

सव्वाचारला दिवाण रावबहादूर केळवकर मोटारीतून उतरले. त्यांच्या मागून दोन शिपाई पांढऱ्या कापडाचे ठाण घेऊन आले. दिवाणसाहेब माणूस हुशार होते, आवाज चढवून बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते. त्यांनी रखमाजीला जवळ बोलावले.

"रखमाजी, कापडाची काळजी करू नकोस. कोठीतून नवे ठाण आणले आहे. तू फक्त अंथर."

"रयतेचं कापड असतंय सायेब, पायघडीला."

"या वर्षी सरकारचे. अंथरणारा हात तुझा असला म्हणजे झाले." ते थोडे पुढे झुकले. "हे बघ. आज सरकार माफी जाहीर करणार आहेत. सीमोल्लंघन पार पडले की सुटणाऱ्यांची नावे मी स्वतः वाचणार. तुझ्या सिदरामचे नाव पहिले आहे. रात्रीचे जेवण पोरगा घरी करील."

रखमाजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. तो म्हणाला, "पयलं नाव?"

"पहिले."

"सायेब, तुमी बघितलंय का त्येला एवढ्यात?"

"बरा आहे. जरा वाळलाय, तुरुंगात कोण धष्टपुष्ट होतो? अंथरशील ना?"

"अंथरतो की. माझं कामच हाय त्ये."

दिवाणसाहेबांनी समाधानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मोटारीकडे वळले. मला खरोखर हायसे वाटले. प्रजापरिषदेचा ठराव मोडणारा पहिला माणूस म्हणून गाव रखमाजीला काय म्हणेल, ही शंका मनात आली. पण मुलगा सुटत असेल तर बापाने काय करावे? मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "अंथरा रखमाजी. लोक बोलतील चार दिवस. पोरगा घरी येतोय, तेवढे बघा."

"तुमास्नी पोरं हायत, सायेब?"

"नाही. लग्न व्हायचे आहे अजून."

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. त्यात राग नव्हता.

पाचच्या सुमारास तुतारी वाजली. मी वीज पुरवणारे इंजिन सुरू केले, आवाज वाढवणाऱ्या यंत्रातले वाल्व तापू दिले, माईकवर बोट आपटून पाहिले. चारही कर्ण्यांतून ठक्क असा आवाज झाला आणि माळावरचे सगळे लोक एकदम दचकून वर पाहू लागले. आठ-नऊ हजार तरी माणूस असेल. घोडेस्वारांची एक तुकडी आपट्याच्या बाजूला भाले घेऊन उभी होती.

पालखी आली, घडवंचीवर टेकली. सरकार आत बसले होते. तिशी-बत्तिशीचा गोरा, किरकोळ बांध्याचा माणूस; डोक्यावर शिरपेच, पाय अनवाणी. माझ्याशी ते नेहमी आपुलकीने बोलत. जलमहालातल्या दिव्यांची बटणे दाबून पाहताना त्यांना मी लहान मुलासारखे हसताना पाहिले होते.

चोपदाराने माईकसमोर येऊन ललकारी दिली. एरवी त्या ललकारीला माळ दुमदुमून उत्तर देई. त्या दिवशी ती चार कर्ण्यांतून निघाली, वेशीवर आपटली, परत आली आणि विरून गेली. एकही ओठ हलला नाही. एकही हात कपाळाकडे गेला नाही. चोपदाराने दुसऱ्यांदा ललकारी दिली. त्याचा आवाज मध्येच चिरकला, तेही सगळ्यांनी ऐकले.

सरकारांनी माळावरून नजर फिरवली. मग वाटेकडे पाहिले. वाट मोकळी होती, नुसती माती.

"पायघड्या?" ते म्हणाले. हळूच म्हणाले, पण माईक त्यांच्यापासून हातभरावर होता.

दिवाणसाहेबांनी खूण केली. शिपायांनी कापडाचे ठाण रखमाजीपुढे धरले. रखमाजीने ते घेतले नाही. त्याने मागे वळून बायकोला हाक मारली, "ये गं."

कोंडाबाई उठली. घडवंचीपाशी येऊन ती वाकली, गाठोड्याची गाठ सोडली, आणि आतले वस्त्र काढून सरकारांचा पाय जिथे पडायचा तिथे अंथरले. दोन्ही बाह्या सरळ केल्या. सुरकुती हाताने काढली. तो एक सदरा होता. जाड्याभरड्या खादीचा, न धुतलेला. पाठीवर तो चार ठिकाणी उभा फाटला होता आणि मानेपासून खालपर्यंत काळा, ताठ झालेला डाग होता.

मी माईकपासून सहा हातांवर होतो. तो डाग कशाचा आहे हे कळायला मला वेळ लागला नाही. पण ते मानायला मन तयार नव्हते.

"हे काय?" सरकार म्हणाले.

"पायघडी, सरकार," रखमाजी म्हणाला. तो माईकच्या बाजूला उभा होता आणि अगदी हळू बोलत होता. "ह्यो माझ्या ल्योकाचा सदरा. तुरुंगाचं धुणं दर शनिवारी आमच्याकडंच येतं. परवा त्या धुण्यात ह्यो आला. हितं कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण हाय. म्याच घातलीया, आमच्या घरच्या कापडाची. साऱ्या गावची कापडं धुतली म्या, डाग निघत न्हाई असं कवा झालं न्हाई. ह्यो धुतला न्हाई. ठिवा पाय."

माझ्यामागच्या इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती.

दिवाणसाहेब माझ्याकडे झपाट्याने आले. "यंत्र बंद करा, पांचाळ."

बटण माझ्या हाताखाली होते. खाली दाबायचे, एवढेच.

"वाल्व तापलेले आहेत साहेब," मी म्हणालो. "मध्येच तोडले तर जळतील."

हे खरे नव्हते. वाल्व असे जळत नाहीत. हे वाक्य मी बोललो याचे मलाच आश्चर्य वाटले. तोपर्यंत मी संस्थानच्या आज्ञेविरुद्ध एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

"दिवाणजी," सरकार म्हणाले, "हा तोच ना? पहिले नाव?"

दिवाणसाहेब मागे फिरले आणि पालखीपाशी वाकले. "श्रीमंत, ही जागा नव्हे. वाड्यावर सविस्तर सांगतो."

"कधी गेला?"

"श्रीमंत—"

"कधी, विचारतो मी."

"शुक्रवारी," दिवाणसाहेब म्हणाले.

ते पालखीच्या आत, सरकारांच्या कानात बोलले होते. पण तो शब्द चार खांबांवरून माळावर पडला. शुक्रवारी. लोकांच्या गर्दीतून एक आवाज उठला. ओरडणे नव्हते ते. पाण्यात मोठा दगड पडावा तसा, एकाच वेळी हजारो छात्यांतून निघालेला. दिवाणसाहेबांनी मान वर केली आणि त्यांच्या ध्यानात आले, की आपले बोलणे सगळ्यांनी ऐकले आहे. मग मला आठवले की तासाभरापूर्वी या माणसाने रखमाजीच्या खांद्यावर हात ठेवला होता. 'रात्रीचे जेवण पोरगा घरी करील.' आणि त्या वेळी ऐकणारा आणि बोलणारा, दोघांनाही खरे काय ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एकट्या मला, 'अंथरा' म्हणून सांगणाऱ्याला.

"मला कुणी सांगितले नाही," सरकार म्हणाले. ते रखमाजीशी बोलत होते. "शपथेवर सांगतो. मला ठाऊक नव्हते."

"व्हय, सरकार," रखमाजी म्हणाला. "तुमास्नी ठावं नव्हतं. नदी आटली त्येबी ठावं नव्हतं. पट्टी बसली त्येबी ठावं नसंल. त्येच तर."

सरकार पालखीत बसून होते. पुढे सदरा, मागे भोई. भोयांपैकी कुणीही दांडीला हात लावला नाही. दिवाणसाहेब काही इंग्रजीत पुटपुटले. सरकारांनी हाताने त्यांना थांबवले. मग त्यांनी डावा पाय बाहेर काढला. तो सदऱ्यावर अधांतरी थांबला. सगळा माळ त्या पायाकडे पाहत होता. कोंडाबाईही पाहत होती, डोळे न मिटता.

त्यांनी पाय बाजूला नेला आणि मातीवर टेकला. मग दुसरा.

लिंबा भोई माझ्या शेजारी होता. त्याने माझा दंड इतका घट्ट पकडला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठले.

"भुईला लागलं," तो म्हणाला. "सायेब, सरकार भुईला लागलं."

"मग?"

"मग काय इचारता? तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई व्हय? ह्यांच्या मूळ पुरुषानं हितंच आपट्याखाली रयतेला शब्द दिला हुता. घराघरातनं कापड यील तवर मी राजा. ज्या दसऱ्याला माझा पाय भुईला लागंल, त्या दिशी मी तुमच्यातला एक, नांगर धरीन. आमचा बा सांगायचा. दर साली कापड द्यायचं म्हंजी काय वाटलं तुमास्नी? आमी ठिवतो म्हणून त्यो ऱ्हातो, असं हुतं त्ये."

हे तो माझ्याशी बोलत होता, पण माळावर प्रत्येक म्हातारा आपल्या शेजाऱ्याला तेच सांगत असावा. कुजबुज पसरत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली आणि लोक हलले. मला वाटले, आता पालखीवर तुटून पडतील. घोडेस्वारांनाही तसेच वाटले असावे. भाले खाली आले. पण त्यांचा रिसालदार क्षणभर मातीत उभ्या असलेल्या सरकारांकडे पाहत राहिला आणि मग घोड्यावरून उतरला. त्याचे पाहून बाकीचे उतरले.

लोक सरकारांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. कुणी त्यांना धक्का दिला नाही, कुणी वाटही मागितली नाही. प्रवाहातल्या खांबाभोवतून पाणी जावे तसे ते गेले, वेशीकडे, तुरुंगाच्या रस्त्याला. सगळ्यात पुढे कोंडाबाई होती. तिने सदरा उचलून झटकला होता आणि खांद्यावर टाकला होता. रखमाजी तिच्या मागून रिकामी टोपली घेऊन चालला होता. ती खाली ठेवण्याचे त्याला सुचले नसावे.

माळावर आम्ही पाच-सहा जण उरलो. दिवाणसाहेबांची मोटार केव्हा गेली ते मला कळले नाही. सरकार आपट्याच्या झाडापर्यंत चालत गेले, एकटेच, मातीतून. तिथे जाऊन काय करायचे हे बहुधा त्यांनाही माहीत नव्हते. ते परत आले आणि माझ्यापाशी थांबले.

"पांचाळ, हे अजून चालू आहे?"

"होय, सरकार."

"मग काही बोलू नये हे बरे," ते म्हणाले, आणि पालखीच्या कडेवर बसून पायांची माती हाताने पुसू लागले. मी बटण बंद केले.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत सोनवळात एकदाही गोळी सुटली नाही. कचेरीत कारकून आले नाहीत, तलावाचे दार कुणीतरी उघडले, घाटावर पाणी आले. दिवाणसाहेब मुंबईला गेले ते परतले नाहीत. दिवाळीच्या आदल्या दिवशी सरकारांनी निवडून आलेल्या मंडळाच्या हाती कारभार दिल्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. शेजारच्या संस्थानांत त्या हिवाळ्यात बरेच रक्त सांडले, आणि सोनवळचे कसे निभावले याविषयी वर्तमानपत्रांतून नाना तऱ्हेचे खुलासे छापून आले. राजा उदार होता, लोक संयमी होते, पुढारी दूरदर्शी होते. त्या सदऱ्याचा उल्लेख मी कुठे वाचला नाही. माझी नोकरी नव्या मंडळाने कायम केली, पण मी पुढच्या वर्षी सोनवळ सोडले. चार कर्णे तिथेच ठेवून आलो.

त्या संध्याकाळी मात्र मी इंजिन थंड होण्याची वाट पाहिली नाही. लोकांच्या मागोमाग मीही तुरुंगापर्यंत धावत गेलो. पोहोचलो तेव्हा दरवाजा सताड उघडा होता. पहारेकऱ्यांनी किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्या होत्या आणि ते भिंतीला टेकून उभे होते. कैदी एकेक करून बाहेर येत होते, उजेडाला डोळे मिचकावत. कुणी आपल्या माणसाला ओळखून मिठी मारत होते, कुणी नाव घेऊन हाका मारत होते. दाराच्या डाव्या बाजूला कोंडाबाई उभी होती. तिला सगळे ठाऊक होते, शनिवारपासून. तरी येणाऱ्या प्रत्येकाचे तोंड ती मान पुढे करून पाहत होती. रखमाजी तिला दोनदा म्हणाला, "चल आता." ती हलली नाही. शेवटचा माणूस बाहेर आल्यावरही ती आत पाहत राहिली.

मग शाळामास्तरांनी मोठ्याने मोजदाद सांगितली. धरपकडीत बेचाळीस जण आत गेले होते. चालत बाहेर आले एकेचाळीस.